धबधबा मे महिन्यात बघावा

मे महिन्याच्या दुसऱ्या रविवारी आपण धबधबा बघायला जातोय, असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायकोने काही न बोलता पंख्याचा वेग वाढवला. आईने विचारलं, "बरं वाटतंय ना रे तुला?" आणि लेकीने, जिच्यासाठी हा सगळा उपद्व्याप चालला होता तिने, मोबाईलमधून मान वर न काढता सांगितलं, "बाबा, धबधब्याला पाणी लागतं."

बरोबर आहे तिचं. मीरा-भाईंदरमध्ये कुणालाही विचारा, चेण्याचा धबधबा म्हणजे काय? म्हणजे जुलैचा रविवार, घोडबंदर रस्त्यावर आडव्यातिडव्या लावलेल्या बाईका, भिजलेल्या जीन्स, कणसं भाजणारी गाडी, आणि नाक्यावर काठी घेऊन उभा असलेला हवालदार. पाऊस गेला की धबधबाही गेला. तो कुठे जातो, हा प्रश्न कुणाला पडत नाही. मलाही वीस वर्षांत पडला नव्हता, उगाच कशाला खोटं बोला.

या वर्षी पडला, कारण लेक आता अठराची झाली. कॉलेजच्या ग्रुपचं जुलैत चेण्याला जायचं ठरलंय, हे मला तिने सांगितलं नाही, तिच्या आईने सांगितलं. नाही म्हणायचा माझा हक्क अजून शाबूत आहे असं मी धरून चालतो. पण मीही कधीतरी अठराचा होतो. ती जाणार. एकतर मला सांगून जाईल, नाहीतर मैत्रिणीकडे सबमिशन पूर्ण करायला म्हणून जाईल. दुसऱ्या प्रकाराची मला जास्त भीती वाटते.

भीतीचं कारण आमच्याच सोसायटीत आहे. काही वर्षांपूर्वी शेजारच्या विंगमधला एक मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा, असाच जुलैत मित्रांबरोबर एका धबधब्यावर गेला. कुठल्या ते लिहीत नाही. त्याच्या आईने निघताना बळेबळे छत्री घ्यायला लावली होती. छत्री परत आली. मित्र एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होते, की तो काही पोहायला गेला नव्हता, प्यायला नव्हता, गुडघाभर पाण्यात उभा होता आणि फोटोत सगळे यावेत म्हणून दोन पावलं मागे सरकला. फक्त दोन पावलं. आम्ही सगळ्यांनी ते ऐकलं आणि आपापल्या मनात म्हटलं, काहीतरी लपवताहेत पोरं. दोन पावलांत कुणी मरतं का?

तर झालं असं की आम्ही मे महिन्यात धबधबा बघायला गेलो.

जाणं वाटलं तितकं सोपं नव्हतं. चेण्याच्या मागचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं आहे, येऊरच्या बाजूचं. 1972 च्या वन्यजीव कायद्याप्रमाणे राष्ट्रीय उद्यानात परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, बाराही महिने. जुलैत जी हजारो माणसं तिथे शिरतात त्यातल्या बहुतेकांच्या हे गावीही नसतं. मी सरळमार्गी माणूस, म्हणून एका कचेरीत अर्ज घेऊन गेलो. दोन खेपा झाल्या. दुसऱ्या खेपेला टेबलापलीकडच्या गृहस्थांनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि विचारलं, "मे महिन्यात? तिथे काय आहे मे महिन्यात?"

या लेखात मला जे भांडायचंय ते या एका प्रश्नाशी आहे. गृहस्थांशी नाही, ते बिचारे भले होते, सही शिक्का त्यांनीच दिला आणि सोबत पाड्यावरचा माहीतगार मुलगा घ्यायला सांगितलं. पण धबधबा म्हणजे पाणी पडत असतानाच असतो, आणि पाणी नसताना तिथे काहीच नसतं, ही आपली सगळ्यांची समजूत माणसं मारते असं माझं आता मत झालं आहे. कसं, ते सांगतो.

सकाळी साडेसहाला काशिमीऱ्याहून रिक्षा केली. रस्ता सोडून आत वळल्यावर थोडी घरं, मग पाडा, मग पायवाट. पाड्यावरचा मुलगा वाट बघत उभा होता, तेविसेक वर्षांचा, खांद्यावर वेळूची लांब काठी. मला "काका" म्हणाला आणि लेकीला काहीच म्हणाला नाही. चालायचं अंतर फार नाही, पण मे महिन्यातला तो घाम! कुडा फुलला होता, पांढरा, गोडसर वास. करवंदाच्या जाळ्या काळ्या झाल्या होत्या. पायाखाली सागाची पानं पापडासारखी मोडत होती, त्यामुळे आमचं येणं अख्ख्या जंगलाला कळत होतं. लेकीने पहिली वीस मिनिटं तोंड पाडून काढली. एकविसाव्या मिनिटाला तिला करवंदं सापडली आणि मग जरा बरं चाललं.

आणि मग नदी. म्हणजे दगड. मोठमोठे गोल दगड, एकावर एक, जणू कुणी ट्रकने आणून ओतले आहेत. यालाच आपण चेण्याची नदी म्हणतो, काही जण लक्ष्मी नदीही म्हणतात. या डोंगरात उगम पावते आणि घोडबंदरच्या बाजूला वसईच्या खाडीला मिळते. एवढी छोटी की नकाशात बोटाखाली झाकली जाते. इकडे वर्षाला जो दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये पडतो, आणि नदीला तो वाहून न्यायला अंतर मिळतं जेमतेम काही किलोमीटर. उतार तीव्र, खाली कातळ, मुरायला जागा कमी. वर तासभर जोराचा पाऊस झाला की खाली पाण्याची भिंत येते, भले खाली ऊन पडलेलं असो. हे मला त्या मुलाने सांगितलं, आणि सांगताना बोटाने एका उंबराच्या फांदीत अडकलेला पालापाचोळा दाखवला. माझ्या डोक्याच्या वर दोन हात. "मागच्या पावसात पाणी इथं होतं काका." लेकीने वर बघितलं. मग खाली बघितलं. मग मोबाईल खिशात ठेवला.

धबधब्याच्या जागी पोचलो तेव्हा आठ वाजत आले होते. समोर काळी भिंत. वरून खाली एक ओला पट्टा आणि त्यावर वाळत चाललेलं शेवाळ, बस. आपला हा बेसॉल्ट, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. पुस्तकात वाचलेला असतो आपण, पण नागडा उभा असलेला बघायला मे महिनाच हवा. पावसाळ्यात तो दिसतच नाही, दिसतं ते फक्त पाणी.

खाली कुंड. अर्धं कोरडं, अर्ध्यात हिरवं, जाड पाणी. कोरड्या भागात आम्ही उतरलो. त्या मुलाने लेकीला एका सपाट कातळावर उभं केलं आणि म्हणाला, "ताई, पावसात इथं गुडघ्याला पाणी. सगळे इथंच उभे राहतात, फोटो काढतात. आता मागं बघा."

ती वळली. मागे दोन पावलांवर कातळ संपत होता. संपत होता म्हणजे तिथे एक गोल भोक होतं, रांजणाच्या तोंडाएवढं. कडा इतक्या गुळगुळीत की कुंभाराने फिरवून केल्यासारख्या. त्याने काठी आत सोडली. काठी दीड पुरुष उंच होती. ती सगळी आत गेली आणि त्याच्या हातात फक्त टोक उरलं.

दोन पावलं.

मी तिथेच दगडावर बसलो. उन्हाने चक्कर आली असं लेकीला सांगितलं.

याला रांजणखळगे म्हणतात. निघोजला कुकडी नदीच्या पात्रात आहेत ते प्रसिद्ध, लोक लांबून बघायला जातात. पाण्याच्या भोवऱ्यात एखादा दगड सापडतो, तो गरगर फिरत कातळ पोखरतो, झिजून संपतो, मग दुसरा दगड येतो. असं हजारो वर्षं. निघोजला माणसं ते कोरडे बघतात म्हणून त्यांना आश्चर्य वाटतं. आपल्याकडे ते पाण्याखाली असतात, आणि वरून पाहणाऱ्याला सगळं एकच सपाट, फेसाळ पांढरं दिसतं. त्या फेसाचीही एक गंमत आहे, भयंकर गंमत. फेस म्हणजे पाण्यात मिसळलेली हवा. असं पाणी साध्या पाण्यापेक्षा हलकं असतं, त्यात माणूस तरंगत नाही. तलावात मैलभर पोहणारा गडीसुद्धा धबधब्याच्या पायथ्याशी दगडासारखा खाली जातो, आणि काठावरचे म्हणतात, अरे याला तर पोहता येत होतं!

आता सांगा, हे जुलैत कसं कळणार? पाटीवर लिहून? "पोहण्यास सक्त मनाई" अशा पाट्या तुम्ही-आम्ही जन्मभर बघत आलो. पाटी सांगते की उतरू नका. का, ते सांगत नाही. आणि अठराव्या वर्षी "का" न सांगितलेली कुठलीही गोष्ट ऐकायची नसते, हा निसर्गनियम आहे.

दर जूनमध्ये हुकूम निघतो. पूर्वी तो 144 कलमाखाली निघायचा, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या 163 कलमाखाली निघतो. मजकूर तोच. धबधबे, धरणं, तलाव इथे पाण्यात उतरू नये, धोक्याच्या जागी सेल्फी काढू नये, मद्य पिऊ नये, वाहनं उभी करू नयेत. पेपरात चौकट येते. आणि तरी 30 जून 2024 च्या रविवारी लोणावळ्याला भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यांचा व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला, घट्ट धरून उभी असलेली ती माणसं, आणि काठावरून ओरडणारे लोक. त्यानंतर पंधरा-सोळा दिवसांनी माणगावजवळ कुंभे धबधब्यापाशी रील करताना एक तरुण मुलगी तीनशे फूट दरीत पडून गेली. 15 जून 2025 ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल रविवारच्या गर्दीने इंद्रायणीत कोसळला, चार माणसं गेली. तो पूल धोकादायक आहे अशी पाटी तिथे होती. पाटी होती!

वसईच्या बाजूला चिंचोटीचं काय वेगळं आहे? तिथेही माणसं बुडतात, तिथेही बंदी येते, बंदी उठते, पुन्हा माणसं बुडतात.

गैरसमज नको. पूर आलेल्या नदीच्या तोंडी पोरांना जाऊ द्या, असं मी म्हणत नाही. त्या दिवशी बंदी हवीच, आणि कडक हवी. माझं भांडण आहे ते उरलेल्या आठ महिन्यांबद्दल. चार महिने कुलूप आणि आठ महिने विसर, याला धोरण म्हणत नाहीत, जबाबदारी झटकणं म्हणतात. हुकूम काढला की फाईल पुरी होते. कुणी मेलं तर "मनाई असतानाही गेले" हे वाक्य तयार असतं, म्हणजे चूक मेलेल्याची. पण त्या मेलेल्याला त्या जागेची ओळख कधी कुणी करून दिली होती का? शाळेने? महापालिकेने? वनखात्याने? मी बाप असून मी दिली होती का?

या शहराची मजा बघा. 1985 साली नगरपालिका, 2002 साली महानगरपालिका, 2011 च्या जनगणनेत 8,09,378 माणसं. आज किती ते लोकलच्या दारात उभं राहून मोजा. एका बाजूला खाडी, दुसरीकडे समुद्र, आणि पाठीशी सुमारे 103 चौरस किलोमीटरचं राष्ट्रीय उद्यान. आमचं पिण्याचं पाणी शहाड-टेमघरहून येतं, एमआयडीसीकडून येतं, आणि पालघर जिल्ह्यातल्या सूर्या प्रकल्पातून रोजचं 218 दशलक्ष लिटर आमच्या नावाने ठरलेलं आहे. डोंगर पोखरून, खाडीखालून पाणी आणायची अक्कल आपल्याकडे आहे. आणि आपल्याच हद्दीतली एकुलती एक गोडी नदी आपल्याला फक्त जुलै महिन्यात, बिअरच्या बाटलीतून दिसते.

बाटल्यांवरून आठवलं. मे महिन्यात कुंडाच्या तळाशी काय काय असतं ते ऐका. काचा, हिरव्या आणि तपकिरी. थर्माकोलच्या ताटल्या. वेफर्सची पाकिटं, ज्यांचा रंग उडाला होता पण चांदी चकाकत होती. एक मोबाईलचं कव्हर. आणि चपला. लेकीने मोजल्या, एकोणीस भरल्या. त्यात एकही जोडी नव्हती. सगळ्या एकेकट्या. कुणाची वाहून गेली असेल, कुणी दुसरीही वैतागून फेकून दिली असेल, साधी गोष्ट आहे. पण तिने त्या एका ओळीत मांडल्या आणि मग बराच वेळ काही बोलली नाही. आम्ही आणलेल्या पोत्यात मावेल तेवढं भरलं. काचा त्या मुलाने आम्हाला हात लावू दिल्या नाहीत. म्हणाला, पावसाच्या आधी आम्ही दरवर्षी काढतो, आमची गुरं येतात इथं. म्हणजे मजा आमची, काचा त्यांच्या, आणि बंदीच्या काळात नाक्यावर अडवून "कुठे चाललास" हेही त्यांनाच विचारणार. स्वतःच्या घरी जाणाऱ्या माणसाला!

त्या मुलाला तिथला प्रत्येक खडक ठाऊक आहे. बऱ्याच खडकांना नावं आहेत. ती मी इथे लिहीत नाही, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात त्यांचे हॅशटॅग होतील. पाणी वाढणार हे आधी कसं ओळखायचं तेही त्याने लेकीला सांगितलं. पाणी मातकट झालं की निघायचं. काड्या, पानं वाहत यायला लागली की निघायचं. आवाज बदलला की सामान सोडून निघायचं. "आवाज बदलतो म्हणजे?" तिने विचारलं. तो जरा विचारात पडला. मग म्हणाला, "आधी पाणी बोलतं. मग दगड बोलतात." पुरात तळाचे गोटे एकमेकांवर आपटायला लागतात, त्याचा तो आवाज. हे ज्ञान असलेला माणूस घोडबंदर रस्त्यावरच्या एका लॉनवर, लग्नसराईत, खुर्च्या मांडायचं काम करतो. त्याच लॉनवर म्हणे आता रेन डान्स सुरू झालाय. मे महिन्यात, टँकरच्या पाण्याने. तिथे रात्री बारापर्यंत डीजे दणाणला तरी जंगलातल्या जनावरांची आठवण कुणाला होत नाही. पण आम्ही तिघं सकाळी सातला पायी जाणार म्हटल्यावर दोन खेपा.

आता एक आक्षेप आधीच निस्तरतो, कारण माझा एक पक्षीनिरीक्षक मित्र हे वाचून फोन करणारच आहे. तो म्हणेल, अरे शहाण्या, मे महिन्यात ओढ्यातली ही चार डबकी म्हणजेच जनावरांचं पाणी. बिबट्या, सांबर, भेकर, माकडं, सगळी त्यावर जगतात. म्हणून तर वनखातं बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर बसून प्राण्यांची मोजणी करतं. तिथे तू माणसांच्या जत्रा नेणार? आणि वाळलेल्या जंगलात एखाद्याने विडी टाकली म्हणजे?

आक्षेप खरा आहे. हिरव्या डबक्याच्या काठी आम्हालाही पावलांचे ठसे दिसले होते आणि त्या मुलाने आम्हाला तिथून लांब ठेवलं. म्हणून जत्रा नकोच. दहा-बारा माणसं, सूर्य वर आल्यावर, दहाच्या आत परत, पाणी असेल तिथे जायचं नाही, काडेपेटी पाड्यावर ठेवायची. आठवड्यातून एखादा दिवस. आणि मे महिनाच हवा असंही नाही, मार्चमध्ये पात्र बऱ्यापैकी उघडं पडतं. मित्राला मी उलट विचारेन, जुलैत हजारो जातात तेव्हा जंगलाचं काय होतं? त्यांना आपण थांबवू शकलोय का? माणसं जंगलात येऊच नयेत, हा विचार कागदावर सुंदर आहे. आठ-दहा लाखांचं शहर जंगलाच्या कुंपणाला पाठ लावून बसल्यावर प्रश्न एवढाच उरतो, की ती ओळख करून घेऊन येणार की भिंत ओलांडून. शिवाय 11.8 किलोमीटरच्या ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याचं भूमिपूजन 13 जुलै 2024 ला झालं, तो याच जंगलाखालून जाणार आहे. बोगद्याला वाट मिळते, मग शाळेच्या सहलीलाही मिळू द्या की राव.

आणि हे अशक्य नाही. साताऱ्याजवळ कासच्या पठारावर फुलांच्या दिवसांत काय गोंधळ असायचा! तिथे आसपासच्या गावांच्या समित्यांनी वनखात्याबरोबर कारभार हाती घेतला. दिवसाला तीन हजार माणसांची मर्यादा, आधी नोंदणी, शुल्क, गावातलीच माणसं वाट दाखवायला. कुरकुरी तिथेही आहेत, पण कासला आज माणूस "फुलांवर बसू नये" हे शिकून तरी परत येतो. चेण्याच्या पाड्यावरच्या आठ-दहा मुलांना असं काम, त्याचे पैसे आणि वनखात्याचं ओळखपत्र मिळालं तर? उन्हाळ्यात ती पोरांना कोरडं कुंड दाखवतील. आणि पावसाळ्यात, पाणी कमी असतानाच्या दिवशी, तीच मुलं ठरवतील की आज कुठल्या खडकापर्यंत जायचं आणि कधी परत फिरायचं. नाक्यावरच्या हवालदाराला दगडांचा आवाज कळत नाही. तो त्याचा दोष नाही, तो मुळात जळगावचा असतो.

याच उद्यानात दुसऱ्या टोकाला कान्हेरी आहे. तिथे शंभरावर लेणी आहेत, सुरुवात दोन हजार वर्षांपूर्वीची. आपण मूर्ती बघतो, फोटो काढतो, परत येतो. लेण्यांच्या दारातल्या टाक्यांकडे लक्ष जात नाही. तिथल्या शिलालेखांत त्यांना "पोढी" म्हटलंय, अमक्याने लेणं आणि पोढी दान दिली, असं. चार महिन्यांचा पाऊस कातळात धरून बारा महिने प्यायचा, यासाठी त्या भिक्षूंनी डोंगरावरचा एकेक ओघळ अभ्यासला असणार. कुठून येतो, कुठे वळवायचा, कुठे साठवायचा. त्यासाठी त्यांना डोंगर उन्हाळ्यातही बघावा लागला असेल. नुसत्या जुलैतल्या भिजण्यावर पोढी खोदता येत नाही.

असो. फार लांबलं.

निघायच्या आधी लेक पुन्हा त्या सपाट कातळावर जाऊन उभी राहिली. भिंतीवर पाण्याची जुनी रेघ दिसते, वर फिकट आणि खाली काळपट. तिने हात उंच केला, टाचा उंचावल्या, तरी रेघ हाताच्या वर वीतभर राहिली. "हे सगळं भरतं?" तिने विचारलं. तो म्हणाला, "एका रात्रीत." मग तिने मोबाईल काढला. मला वाटलं, झालं, सेल्फी. तर तिने त्या रांजणखळग्याचा फोटो काढला, काठी आत घातलेली आणि मुठीएवढं टोक वर. उजवीकडच्या मोठ्या खडकापासून तो किती पावलांवर आहे ते मोजलं. तो खडक जुलैत पाण्यावर दिसतो का, हे त्याला दोनदा विचारलं. दिसतो म्हणाला. मग तो फोटो तिने तिथल्या तिथे ग्रुपवर टाकायचा प्रयत्न केला, पण रेंज नव्हती.

रेंज आली थेट पाड्यापाशी. तिथे एका मावशींनी आम्हाला पाणी दिलं आणि करवंदांचा द्रोण पन्नास रुपयांना. मी वीस म्हणालो, तर लेकीने माझ्याकडे असं बघितलं की मी शंभराची नोट देऊन सुटे परत मागितले नाहीत. रिक्षात बसल्यावर तिचा मोबाईल सारखा वाजत होता. कुणीतरी विचारलं होतं, हे कुठलं गटार? दुसऱ्याने, पाणी कुठाय? ती भराभर टाईप करत होती, दोन्ही अंगठ्यांनी, कपाळाला आठ्या घालून. काय लिहितेस म्हटलं, तर म्हणाली, "भांडतेय."

काशिमीरा आलं तेव्हा तिने विचारलं, "मग जुलैत जाऊ ना बाबा?"

मी म्हटलं, तो मुलगा बरोबर येणार असेल तर. आणि परवानगी मिळाली तर.

"जुलैत बंदी असते बाबा," ती म्हणाली, आणि द्रोण माझ्यापुढे धरला. तळाला चार-पाच करवंदं उरली होती, तीही अर्धी लाल.